गप्प झालेलं चाक

१

"ठमे, निघून ये," एवढंच बोलून माझ्या भावाने फोन ठेवला, तेव्हाच मी ओळखलं की पाणी डोक्यावरून गेलंय. अण्णा एरवी फोनवर हवापाण्यापासून सुरुवात करणारा माणूस. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला, त्यामुळे त्याला घाई अशी कशाचीच नसते.

मी त्याची धाकटी बहीण. नोकरीभर मी एकच काम केलं. आपटलेल्या, चेपलेल्या, उलटलेल्या गाड्या बघायच्या आणि हे कसं झालं ते सांगायचं. आता निवृत्त झालेय. नातेवाईक मला बारशाला बोलवायला विसरतात, पण गाडी ठोकली की बरोब्बर आठवण काढतात.

फाटक ढकललं आणि मी चमकले. पूर्वी हे फाटक उघडलं की समोरच्या घरातले लोक खिडकीत यायचे, असा त्याचा आवाज. आज ते हूं की चूं न करता उघडलं. व्हरांड्यात अण्णा खुर्चीवर बसला होता. एक पाय स्टुलावर सरळ लांबवलेला, मांडीवर बारीक तोंडाची तेलाची कुपी आणि फडकं.

"छकुली झाल्यापासून घरातल्या सगळ्या कुरकुरीचा बंदोबस्त केलाय," तो म्हणाला. "पोर पानाच्या सळसळीनेही उठते. एक थेंब टाकायचा, पुसून घ्यायचं. जास्त नाही."

"आणि गुडघा?"

"वाकत नाही. चप्पल पडली तर सूनबाई उचलून देते." मग त्याने कुपी बाजूला ठेवली. "ठमे, धाकटा गॅरेज बंद करतोय गं. उद्या सकाळी जागेचा मालक किल्ली घ्यायला येतोय."

अण्णाला दोन मुलगे. थोरला हापिसात, लग्न झालेला, त्याची ही छकुली. धाकटा गाड्यांचा मेकॅनिक. लहानपणी पाना उशाशी घेऊन झोपायचा म्हणून आम्ही त्याला पान्या म्हणतो. मागच्या महिन्यात पान्याने थोरल्याच्या गाडीला नवे ब्रेक पॅड बसवले. आणि परवा सकाळी सूनबाई छकुलीला डॉक्टरकडे घेऊन निघाली, तर उतारावर गाडी थांबलीच नाही. रस्ता ओलांडून विजेच्या खांबावर गेली.

"छकुली?" मी विचारलं.

"ओरखडासुद्धा नाही. सूनबाईच्या कपाळाला टाके."

तेवढ्यात आतून थोरला आला. मला वाकून नमस्कार केला आणि सरळ उभा राहायच्या आत सुरू झाला.

"आत्या, तू आलीस ते बरं झालं, पण शोधायचं काही नाहीये. पॅड बदलायच्या आधी गाडी थांबत होती, बदलल्यावर थांबली नाही. मी त्याला तोंडावर सांगितलंय, आज माझ्या लेकीवर बेतलं, उद्या दुसऱ्याच्या लेकरावर बेतेल. बंद कर हा धंदा."

"आणि तो काय म्हणाला?"

थोरला जरा अडखळला. "काही नाही. शटर ओढलं त्याने."

२

सूनबाई छकुलीच्या पाळण्याशी बसली होती. कपाळावर पट्टी, डोळ्यांखाली काळं. बाळंतिणीची झोप म्हणजे काय ते सांगायला नको.

"आत्याबाई, मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला होता," मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली. "सगळ्यांना वाटतंय माझा पाय चुकला. नाही चुकला. पेडल कडक होतं, मी त्यावर उभी राहिले म्हणा ना. गाडी नुसती घसरत राहिली, आणि उजवीकडे ओढायला लागली."

"उजवीकडेच? नक्की?"

"नक्की. खांब उजवीकडेच आहे ना."

मी मनात एक गाठ मारली. "पॅड बदलल्याबरोबर असं झालं का?"

"छे! सुरुवातीला तर छान थांबायची. फक्त ओरडायची. ब्रेक लावला की डाव्या बाजूने असली किंचाळायची की विचारू नका. फाटकातून आत आले की छकुली उठलीच. तासभर थोपटून निजवलेलं पोर, आणि एका किंचाळीत सगळं मुसळ केरात." ती हसली, पण हसू लगेच विझलं. "मग तो आवाज थांबला. मध्ये परत आला होता, पुन्हा थांबला."

"कशाने थांबला?"

ती उत्तर देणार तोच स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने हललं आणि बारीकसं कुरकुरलं. पाळण्यातलं गाठोडं चुळबुळलं. सूनबाई बोलता बोलता उठली, खिडकीतला निळा डबा उचलला, बिजागरीवर फुस्स केलं आणि परत येऊन बसली. दार गप्प. छकुली गप्प.

"काय म्हणत होते मी?" तिने विचारलं.

"आवाज कशाने थांबला."

"हां. थांबला एवढं खरं." ती पाळण्याकडे बघत राहिली. "आत्याबाई, भावजींनी मुद्दाम काही केलं नसणार हो. पण ह्यांना कोण सांगणार? मला भीती वाटते, या घरात पुन्हा दोघं भाऊ एका ताटाला बसणार नाहीत."

३

गॅरेजचं शटर अर्ध्यावर होतं. वाकून आत गेले, तर पान्या हत्यारं पुसून पुसून खोक्यात भरत होता. माणूस घर सोडताना भांडी बांधतो तसा.

"आलीस? बस. तो डबा घे, स्वच्छ आहे."

"तू गाडी बघितलीस का अपघातानंतर?"

"दादाने सांगितलं, गाडीला हात लावायचा नाही. आणि खरं सांगू? मला लावायचाही नव्हता. उघडलं आणि माझंच काहीतरी चुकलेलं निघालं तर? आत्या, त्या गाडीत छकुली होती." बाहीने डोळे पुसून तो पुन्हा पाने पुसायला लागला.

मी दटावलं. "रडायचं नंतर. काय काय केलंस ते सांग."

सांगायला लागला आणि त्याचा आवाज सरळ झाला. जुने पॅड काढले, बैठक साफ केली, नवे बसवले. पेडल दाबून दाबून कडक करून घेतलं. उतारावर नेऊन स्वतः थांबवून बघितलं. ब्रेक ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरलं.

"आणि दादाला सांगितलं, नवे पॅड आहेत, डिस्कवर घासून बसेपर्यंत थोडे दिवस ओरडतील. कान बंद ठेव, काही करू नकोस, बसले की आपोआप गप्प होतील."

"थोरल्याला सांगितलंस? सूनबाईला नाही?"

"गाडी घ्यायला दादाच आला होता. फोनवर बोलत होता, पण मान हलवली त्याने."

मी मनात दुसरी गाठ मारली. "पॅड नकली असतील?"

"दुकानदाराला विचार. पण मारेल तो तुला."

सुट्या भागांच्या दुकानदाराने मारलं नाही, पण फार लांबही नव्हतं ते. "बाई, त्याच खोक्यातले पॅड माझ्या स्वतःच्या पोराच्या टॅक्सीला आहेत!" म्हणत त्याने मला त्या टॅक्सीत बसवून चौकापर्यंत नेलं आणि असा ब्रेक मारला की माझा चष्मा पायाशी. शंका फिटली. नकली पॅड असते, तर गाडी दोन्ही चाकांनी सारखीच कमी थांबली असती. ती एका बाजूला ओढली कशाला असती?

४

गाडी घराच्या मागे ताडपत्रीखाली उभी होती. नाकाचा चेंदा झालेला, पण इंजिन सुरू होत होतं. माझा खांदा धरतो, म्हणून मी थोरल्याला बोलावलं. तो हाताची घडी घालून उभा.

"आत्या, उगाच वेळ घालवतेयस."

"माझा वेळ आहे, मी घालवीन. पाना आण."

आधी मी आत बसून पेडल दाबलं. दगडासारखं. नळीत हवा शिरली असती तर पाय मऊ मऊ आत गेला असता. मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केलं, पेडल बोटभर खाली सरकलं. म्हणजे पायाला मदत करणारा बूस्टरही ठीक. बॉनेट अर्धवट उघडत होतं, तेवढ्या फटीतून ब्रेक ऑइल बघितलं. पान्याने भरलं होतं त्याच खुणेवर. एक थेंब कुठे गळलेला नाही.

"आता पुढचं डावं चाक काढ," मी म्हटलं.

"डावंच का?"

"गाडी उजवीकडे ओढली, कारण उजवं चाक आपलं काम करत होतं. कामचुकार डावं आहे."

थोरल्याने जॅक लावला. हापिसातला माणूस, नटबोल्टशी झटापट करताना घामाघूम झाला. चाक निघालं आणि मी खाली बसले. चाकामागची डिस्क चकाकत होती. कोरडी चकाकी वेगळी आणि ही वेगळी. मी बोट फिरवलं आणि थोरल्याच्या नाकाशी धरलं.

"तेल?" तो म्हणाला.

"तेल. नवेकोरे पॅड, आणि तेलात भिजलेले. चिमटा कितीही घट्ट असो, साबण लावलेला मासा धरता येईल का?"

"मग हे पान्यानेच सांडलं असणार!"

"त्याने सांडलं असतं, तर गाडी पहिल्या दिवसापासून घसरली असती. तुझी बायको म्हणते, सुरुवातीला छान थांबत होती. ब्रेक ऑइल गळलं म्हणावं, तर ते भरलेलं आहे. हे तेल नंतर बाहेरून आलंय. कुणीतरी घातलंय."

थोरल्याचा चेहरा पांढरा पडला. "आमच्या गाडीत? मुद्दाम?"

"मी घातलं," मागून आवाज आला.

भिंतीला धरून अण्णा उभा होता. हातात त्याची ती तेलाची कुपी.

"चाक ओरडत होतं. पोर उठत होती. मी तेल घातलं. मला म्हाताऱ्याला काय कळतंय ब्रेकमधलं? पान्याला म्हणावं, तुझी काही चूक नाही. गॅरेज उघड."

५

थोरल्याने हातातला पाना खाली ठेवला. बापाला काय बोलणार? मी पान्याला फोन करून सांगितलं. तो धावत येईल असं मला वाटलं होतं, पण झालं भलतंच.

"आत्या," तो म्हणाला, "बाबा आणि चाकाशी बसले? त्यांना स्वतःच्या पायाची नखं कापता येत नाहीत. मला वाचवायला खोटं बोलतायत ते. असलं दान घेऊन मी दुकान कसं उघडू? उद्या किल्ली देतोय, विषय संपला." आणि फोन बंद.

मी कपाळावर हात मारून घेतला. पोराचं बरोबर होतं. मी पुन्हा चाकाशी जाऊन बसले आणि शांत डोक्याने बघितलं. घाई झाली की डोळ्यांना जे बघायचंय तेवढंच दिसतं.

तेल फक्त डिस्कवर नव्हतं. टायरच्या कडेवर पंख्यासारखा फाकलेला डाग होता, त्यावर बारीक धूळ चिकटलेली. चाकाच्या आऱ्यांच्या कडांवर तुषार. म्हणजे चाक जागेवर असताना, आऱ्यांच्या फटीतून कुणीतरी फवारलं होतं. आणि डाग दोन थरांचा, एक जुना, वाळलेला, त्यावर ताजा.

अण्णाची कुपी थेंब टाकते. फवारा मारत नाही. शिवाय उभा जन्म "एक थेंब, आणि पुसून घ्यायचं" म्हणणारा माणूस डाग ठेवून उठेल? तो मेला तरी आधी फडकं शोधेल.

मी व्हरांड्यात गेले. अण्णा माझ्या नजरेला नजर देईना.

"अण्णा, तू फक्त पान्याला वाचवत नव्हतास, नाही का?"

त्याने कुपीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. "ठमे, सूनबाईला त्या चाकाशी वाकलेली मी बघितलं होतं. ती आधीच रात्रंदिवस जागतेय. तिच्यावर हे ओझं टाकू नकोस. माझे किती दिवस राहिलेत? माझ्या नावावर राहू दे."

मला त्याचा राग आला आणि त्याच्यापेक्षा जास्त माया आली. "तुझं नाव पान्याला पटत नाहीये, त्याला काय करू? एकाला झाकायला दुसऱ्याचा पोटापाण्याचा धंदा बुडतोय."

आत छकुलीच्या पाळण्याची दोरी हलताना दिसत होती. आवाज मात्र कशाचाच नव्हता.

६

सूनबाईसमोर मी तो निळा डबा ठेवला. दुसरं काही बोलले नाही, फक्त विचारलं, "चाकावर मारलास का गं?"

"हो," ती लगेच, अगदी सरळ म्हणाली. "आवाज यायचा ना. मारला आणि थांबला. मग परत आला तेव्हा अपघाताच्या आदल्या दिवशी जरा जास्त मारला. का हो?"

तिला खरंच माहीत नव्हतं. दाराला तेल, खिडकीला तेल, पाळण्याच्या कडीला तेल. या घरात गेले कित्येक महिने जे ओरडेल त्याला तेल, हाच कायदा होता. चाक ओरडलं, त्यालाही तेल मिळालं. ब्रेक घासूनच थांबतो, त्याचं घासणं बंद केलं की थांबणंही बंद होतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी सांगितलं. जमेल तितकं हळू सांगितलं, तरी शब्द तेच असतात.

तिचा हात कपाळाच्या पट्टीकडे गेला, तिथून पाळण्याकडे. "मी? आत्याबाई, मीच माझ्या लेकीला..." पुढचं बोलवेना. मी तिला जवळ घेतलं. ती अशी रडली, आवाज दाबून, तोंडात पदर कोंबून, की छकुली उठू नये. त्या गप्प रडण्याने मला गलबलून आलं.

"मोठ्याने रड गं बाई," मी म्हटलं. "पोर उठली तर उठली."

जरा वेळाने तिने तोंड पुसलं. "म्हणजे बाबांनी माझी चूक स्वतःवर घेतली?"

"हो."

"आणि भावजी उद्या किल्ली देणार?"

"हो."

ती उठली, डबा हातात घेतला आणि चपला घातल्या. "छकुलीकडे बघाल?" म्हणाली आणि निघालीसुद्धा. दारात थोरला उभा होता, सगळं ऐकलेला. तिने त्याला बाजूला सारलं नाही, पण तो आपणहून बाजूला झाला.

"थांब," मी त्याला म्हटलं. "पान्याने तुला सांगितलं होतं, नवे पॅड ओरडतील, काही करू नका म्हणून. आठवतंय?"

त्याने डोळे मिटले. आठवत होतं. "मी फोनवर होतो, आत्या. मला वाटलं, एवढं काय त्यात सांगायचं घरी."

"तेवढंच सांगायचं होतं."

तो पायात जे सापडलं ते घालून बायकोच्या मागे धावला.

गॅरेजात काय झालं ते मला पान्याने नंतर सांगितलं. वहिनी आली, डबा टेबलावर ठेवला आणि एका दमात सगळं बोलली. पान्या त्या डब्याकडे बघतच राहिला.

"वहिनी, हा डबा मी आणून दिलाय. छकुली घरी आली त्या दिवशी. 'जे ओरडेल त्यावर मार,' म्हणालो होतो. कशावर मारायचं नाही ते सांगायचं राहिलंच." मग तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. थोरला दारात उभा. त्याला माफी मागता येत नाही, लहानपणापासून नाही येत. तो आत आला आणि खोक्यात भरलेले पाने एकेक काढून भिंतीवर परत लावायला लागला. सगळे चुकीच्या खिळ्यांवर लावले, पण पान्याने ते तसेच राहू दिले.

७

सकाळी जागेचा मालक किल्ली घ्यायला आला. शटर पूर्ण वर, आणि गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले.

"अहो, किल्ली?" त्याने विचारलं.

"पुढच्या जन्मी," पाय म्हणाले.

पान्याने तेलकट पॅड फेकून दिले. धुऊन वापरता येतात का, असं थोरल्याने विचारलं, तेव्हा त्याने फक्त बघितलं. डिस्क साफ केली, नवे पॅड चढवले. नाकाचा चेंदा दुरुस्त व्हायला आणखी बरेच दिवस गेले. ते झाल्यावर पान्या गाडी घेऊन घरी आला आणि किल्ली सूनबाईपुढे धरली.

"तुम्हीच चालवा. मी बाजूला बसतो."

तिने हात मागे घेतले. "मला नाही जमणार, भावजी."

"त्याच उतारावर जायचं. मी बसवलेल्या ब्रेकवर माझा विश्वास आहे, तुम्ही फक्त पाय ठेवा."

ते गेले. आम्ही तिघं व्हरांड्यात. अण्णा खुर्चीवर, थोरला फाटकाशी, मी छकुलीला नुकतं पाळण्यात टाकून आलेले. थोरला उगाच फाटकाची कडी काढत होता, लावत होता.

मग वळणावरून गाडी आली. फाटकाशी ब्रेक लागला आणि काय किंचाळली म्हणता! समोरच्या घरातले लोक खिडकीत आले. गाडी मात्र जिथे थांबायला हवी तिथेच, जागच्या जागी उभी राहिली. काचेआड सूनबाई रडत होती आणि हसत होती.

आतून छकुलीने भोकाड पसरलं.

अण्णाचा हात सवयीने कुपीकडे गेला. अर्ध्या वाटेत थांबला आणि परत मांडीवर आला.

"ओरडू दे," अण्णा म्हणाला. "दोघींनाही ओरडू दे."

थोरल्याने फाटक सताड उघडलं, आणि मी छकुलीला आणायला आत गेले.